काळ्या गंजातला पुरावा

खंडेनवमी आली की सोनई-नेवाशाच्या पट्ट्यात कोयते, फाळ, पाने-हातोडे धुऊन पाटावर मांडले जातात. ज्या घरात जुनी तलवार असेल तिथे तीही माळ्यावरून खाली येते आणि चिंच, राख नाहीतर विटकरीची पूड लावून लखलखीत केली जाते. या घासण्यामागे आदर आहे, तो खराच आहे. तरीही जुन्या पात्याचे सर्वांत मोठे नुकसान गंजापेक्षा या घासण्यानेच होते, असे माझे ठाम मत आहे. दुसऱ्या महायुद्धातली जपानी लष्करी तलवार हा त्याचा सर्वांत स्पष्ट दाखला.

अशा तलवारींशी मराठी मुलखाचा संबंध दूरचा नाही. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांना रोखून धरणाऱ्या फौजेत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. नगरच्या रणगाडा संग्रहालयात त्या युद्धातले जपानी रणगाडेही उभे आहेत. मात्र रणगाडा बाहेरून पाहून ओळखता येतो, तलवारीचे तसे नाही. जपानी लष्करी तलवारीच्या १९३४ आणि १९३८ च्या नमुन्यांत अधिकाऱ्यांना स्वतःची तलवार आणण्याची मुभा होती, त्यामुळे एकाच तऱ्हेच्या लष्करी मुठीत कधी कारखान्यातले पाते असते, तर कधी कुणाच्या पणजोबाचे. हवालदार-नाईक दर्जाच्या लोकांसाठी १९३५ चा वेगळा नमुना होता. त्याची मूठ ओतीव धातूची आणि वर वेष्टणाचा नुसता रंगीत आभास, पाते यंत्रावरचे, आणि पात्यावर अनुक्रमांक. म्यानावरही तोच अंक असेल तर जोडी मूळची.

अधिकाऱ्याच्या तलवारीचा खरा जबाब मुठीच्या आत दडलेला असतो. मूठ बांबूच्या खुंटीने अडकवलेली असते. खुंटी हलकेच बाहेर ढकलली की मूठ निघते आणि पात्याचा आतला भाग, जपानी भाषेत नाकागो, उघडा पडतो. त्यावर कानशीचे तिरके ओरखडे, लोहाराची सही, आणि कधी मागच्या बाजूला तारीख असते. ती शोवा सनात असते, त्या आकड्यात १९२५ मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे शोवा १८ हे १९४३. लहानसा ताऱ्याचा शिक्का दिसला तर लष्कराने मान्यता दिलेल्या, जुन्या पद्धतीने घडवणाऱ्या लोहाराकडे लक्ष जाते. जपानमधल्या सेकी गावचा शिक्का असेल तर पाते बहुधा युद्धकाळातले, तेलात विझवलेले. या सगळ्यावर बसलेला घट्ट काळपट गंज हाही पुरावाच आहे. पात्याचे वय सांगणारा हा थर पॉलिश-पेपरने एकदा उडाला की परत येत नाही, आणि जाणकाराला मग अंदाजच बांधावा लागतो.

यावर पहिला आक्षेप असा की गंज ठेवला तर तो लोखंड खाऊन टाकेल. पापुद्रे सुटणारा तांबडा गंज खातो, हे मान्य. त्याला आवर घालायला पातळ तेलाचा हात पुरतो. खोल गेला असेल तर ते काम संवर्धकाचे. आतल्या भागावरचा काळा थर स्थिरावलेला असतो, तो घासूच नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडे शिकलगार पिढ्यान्‌पिढ्या तलवारी घासत आले, मग आताच हरकत कसली? त्या काळी तलवार हे कामाचे हत्यार होते. धार लावताना पोलाद झिजे, पाते जुने झाले की दुसरे येई. मराठ्यांच्या अनेक तलवारींत युरोपी पाते आणि देशी मूठ अशी जोडणी असे, म्हणून त्यांना फिरंग म्हणत. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून परत आणलेली नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवारही त्याच जातीची. पात्यावर सोन्याने कोरलेल्या नाव-हुद्द्यामुळे तिची ओळख पक्की झाली. असे सोनेकाम चिंच-राखेच्या चार दसऱ्यांतच विरून जाऊ शकते. आजची तलवार लढत नाही, तिच्याकडे उरली आहे ती साक्ष. कुणी म्हणेल, कारखान्यातल्या तलवारीला कसली साक्ष? पण ती कारखान्यातलीच आहे हेसुद्धा आतला भाग पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून पूजा करावी, फक्त हळदकुंकू पाटावर वाहावे, पात्यावर नको. ओले फूलही नको. बोटांचा घाम लोखंडाला मारक असतो, म्हणून पाते सुती फडक्याने धरून शिवणयंत्राचे पातळ तेल लावावे आणि जादा पुसून घ्यावे. खोबरेल कालांतराने चिकट होते. म्यानातून काढताना पाठ म्यानावर टेकवून सावकाश सरकवावे. मूठ निघत नसेल तर हातोडी मारू नये. पावसाळ्यात चामड्याचे आवरण ओल धरते, त्यामुळे तलवार कोरड्या जागी सुती कापडात ठेवावी. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नये. शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो का, हेही पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे.

म्यान, गोंडा आणि कापडी चिठ्ठी यांची ताटातूट होऊ देऊ नये. शरण आलेले अधिकारी कधीकधी तलवारीला आपल्या नावा-पत्त्याची पट्टी बांधत. ब्रह्मदेशात लढलेल्या ब्रिटिश-भारतीय फौजेचे सेनापती जनरल स्लिम यांनी जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी बरोबरीच्या किंवा वरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याकडेच सोपवाव्यात असा आग्रह धरला होता. त्यामुळे साध्या शिपायाच्या घरातली तलवार शरणागतीच्या रांगेपेक्षा रणांगणातून आली असण्याची शक्यता अधिक. त्या शिपायाची पलटण, वर्ष आणि गाव घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून आजच कागदावर उतरवून ठेवावे, कारण नाकागोवर ते कुठेच लिहिलेले नसते.