एकसष्टाचें कोडें

साठ ही संख्या घ्यावी. चाराचा वर्ग सोळा. सोळांची साठपट करून तींत एक मिळविला म्हणजे ९६१ होतात, आणि हा ३१ चा बरोबर वर्ग आहे. बासष्टाचेंही तसेंच. आठाचा वर्ग ६४. त्याची बासष्टपट ३९६८. एक मिळविला कीं ६३ चा वर्ग सिद्ध. तेव्हां मधल्या एकसष्टाचें उत्तरही असेंच लहानसें असेल, असें कोणासही वाटावें. परंतु ज्या लहानांत लहान संख्येनें हें कोडें सुटतें, ती संख्या आहे २२,६१,५३,९८०. तिच्या वर्गाची एकसष्टपट करून एक मिळविला म्हणजे १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा वर्ग होतो. एकेक संख्या क्रमानें घेऊन दर मिनिटाला एक तपासली, तर या उत्तरापर्यंत पोहोंचण्यास सुमारें ४३० वर्षें लागतील!

हें उत्तर भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत आपल्या ‘बीजगणितां’त दिलें. तें चांचपडून सांपडणें शक्य नव्हतें. त्यामागें ‘चक्रवाल’ नांवाची रीति होती. आठाचा वर्ग ६१ हून तिहींनीं अधिक, एवढ्यावरून आरंभ करावयाचा. एका फेऱ्यांतच ३९ व ५ ही जोडी हातीं येते. पांचाच्या वर्गाची एकसष्टपट १५२५, आणि ३९ चा वर्ग १५२१. अंतर अवघें चारांचें. येथें ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें सांगितलेली ‘भावना’ उपयोगी पडते. दोन अपुऱ्या उत्तरांच्या संयोगानें तिसरें उत्तर घडवावयाचें, हें तिचें मर्म. या जोडीचा तिच्याशींच पुनःपुन्हां संयोग केला कीं थोड्याच गुणाकारांत तें प्रचंड उत्तर पुढें उभें राहतें.

पुढें १६५७ सालीं फ्रान्समध्यें फर्मा या गणितज्ञानें हेंच एकसष्टाचें कोडें आपल्या समकालीनांपुढें टाकलें. हें उत्तर पांचशें वर्षांपूर्वींच लिहिलें गेलें आहे, याची त्याला वार्ताही नव्हती. इंग्लंडांत ब्राउंकर यानें अशा प्रश्नांची रीति शोधली. परंतु ऑयलरच्या चुकीनें समीकरणास नांव पडलें तें पेल याचें! कोलब्रुकचें भाषांतर १८१७ सालीं निघालें, तेव्हां भास्करांचें गणित मूळ संस्कृतावरून युरोपच्या दृष्टीस पडलें. मात्र अशा प्रत्येक कोड्यास उत्तर असतेंच, हें सप्रमाण सिद्ध करण्याचें श्रेय अठराव्या शतकांतील लाग्रांज याचें आहे. रीति एकाची, प्रमाण दुसऱ्याचें. दोहोंचाही मान राखला पाहिजे.

खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्करांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याची नोंद त्यांत आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो विद्वानांच्या नजरेस आणला. मठांतील पाठ केव्हांच थांबले. परंतु एकसष्टाचें उत्तर आजही तेंच आहे, आणि कागद-लेखणी घेऊन बसणाऱ्या कोणासही तें पडताळून पाहतां येतें.