जादूगाराच्या आधी तोफ होती

खान्देशातल्या पारोळ्याच्या बाजारपेठेला लागूनच भुईकोट आहे. 1727मध्ये हरी सदाशिव दामोदर या जहागीरदाराने तो बांधला, असं गॅझेटियर सांगतं. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी त्याचं नातं. 1857च्या उठावानंतर इंग्रजांनी जहागीर जप्त केली आणि किल्ला मोडला; तट आणि बुरुज पडके असले तरी अजून उभे आहेत. आता हाच किल्ला चौकटींच्या कागदावर आखून टेबलावर मांडला आहे, असं धरा. खंदकाच्या अलीकडे जादूगाराची सोंगटी, तटाच्या आड पहारेकरी. जादूगाराला पहारेकरी दिसत नाही. मग त्याच्यावर मंत्र टाकता येतो का?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांमध्ये यावरून हमरीतुमरी होते. खान्देशातल्या एखाद्या आजीला मात्र या प्रश्नाचं नवल वाटणार नाही. तिच्या हिशेबात दोन्ही प्रकार आहेत. नजर लागायची तर बघणारा डोळा समोर हवा, म्हणून बाळाच्या गालावर काजळाची तीट. मूठ मारायला मात्र माणूस समोर नसला तरी चालतो, अशी समजूत. त्याचे केस, नखं, अंगावरचं कापड एवढं हाती लागलं की झालं. विंचरलेले केस आणि कापलेली नखं वाटेल तिथे टाकू नयेत, हा धाक त्यातूनच आला. करणीच्या संशयावरून माणसांना मारहाण झाली, जीवही गेले, आणि महाराष्ट्राला 2013मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. खेळातला जादूगार मात्र मुठीच्या वंशातला नाहीच. त्याचं कूळ निघतं लष्करी.

1824मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने युद्धाच्या खेळाचे नियम छापले. त्याच्या वडिलांनी आधी असाच खेळ राजाला करून दाखवला होता. मुलाने तो नकाशावर आणला. दोन्ही बाजूंचे खेळाडू लेखी हुकूम द्यायचे आणि मधला पंच शत्रूच्या फक्त दिसू शकतील अशाच तुकड्या नकाशावर ठेवायचा. टेकडीआडची पलटण पंचाला ठाऊक, खेळाडूला नाही. न दिसणारा शत्रू खेळाच्या टेबलावर आला तो असा, आणि त्याच्याबरोबर सगळं ठाऊक असलेला, पण तोंड बंद ठेवणारा माणूसही आला. आजचा ‘डन्जन मास्टर’ त्याचाच वारस.

पुढची उडी दीडशे वर्षांची आणि अमेरिकेतली. 1971मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांच्या खेळाचं पुस्तक काढलं. त्याला अद्भुतरम्य लढायांची एक पुरवणी जोडलेली होती. तिच्यात जादूगाराचा अग्निगोळा किती जागा भाजून काढतो? मोठ्या कॅटापल्टचा, म्हणजे दगडफेकी यंत्राचा, धोंडा व्यापतो तेवढी. वीज किती? जड मैदानी तोफेचा मारा जेवढा, तेवढी. नवं गणित मांडायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. तोफखान्याचा तक्ता होता, तोच जादूगाराला नेसवला. पल्ला टेबलावरचे 24 इंच, मारा सरळ किंवा वरून, आणि अंतर आधी तोंडाने सांगायचं, मगच माऱ्याचा साचा मांडायचा. अंदाज चुकला तर गोळा फुकट. पारोळ्याच्या तटाआडच्या पहारेकऱ्यावर त्या जादूगाराने खुशाल गोळा टाकला असता. गोलंदाजाला पलीकडचं माणूस दिसावं लागत नाही. अंतर कळलं की पुरे.

1974च्या जानेवारीत गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला तेव्हा सैन्यं मागे पडली होती. चार-पाच जणांची टोळी, अरुंद भुयारं, एकेका प्राण्याशी झुंज. जागेवर मारा करणाऱ्या मंत्रांच्या शेजारी एकाच माणसाला धरणारे मंत्र महत्त्वाचे झाले, आणि माणूस धरायचा तर तो कुठला, हे ठरवावंच लागतं. गुप्त होण्याचा मंत्रही त्याच पेटीत होता, म्हणजे भांडणाची सोय घरातच.

2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीने यावर थेट टक्केवारी लावली. शत्रू पूर्ण अदृश्य असेल तर तो कुठल्या चौकटीत आहे याचा अंदाज करा, तिथे वार करा. चौकट बरोबर निघाली आणि वार लागला, तरीही हुकण्याची शक्यता 50 टक्के. 2014च्या पाचव्या आवृत्तीने टक्केवारी काढून टाकली. न दिसणाऱ्यावर हल्ला करताना वीस बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि कमी दान धरायचं. जागाच चुकली असेल तर डन्जन मास्टर फक्त ‘लागला नाही’ एवढंच सांगतो, कारण सांगत नाही. राइसविट्झचा पंच इथे अजून नोकरीवर आहे.

पण हे झालं फासे टाकून नेम धरण्याच्या मंत्रांचं. ‘मॅजिक मिसाइल’ला नेमाचा फासाच नाही, ते हुकत नाही, म्हणून त्याला लक्ष्य डोळ्यांना दिसलंच पाहिजे. ‘फायरबॉल’, म्हणजे तोच अग्निगोळा, जागेवर पडतो. 20 फूट त्रिज्येत जो असेल तो भाजला, दिसो वा न दिसो. मात्र वरून मारण्याची जुनी मुभा गेली. आता जादूगारापासून लक्ष्यापर्यंत मोकळी वाट हवी. न दिसणारी जागा निवडली आणि मध्ये भिंत आली, तर गोळा भिंतीच्या अलीकडेच फुटतो. आपल्या पहारेकऱ्याच्या केसालाही धक्का लागत नाही. काचेच्या खिडकीचं त्रांगडं तर सरस: माणूस स्वच्छ दिसतो, पण वाट बंद.

आजीची मूठ या नियमांत अगदीच नाही असं नाही. ‘स्क्राइंग’ हा दूरचं माणूस पाहण्याचा मंत्र आहे. समोरच्याला त्यातून सुटण्यासाठी फासा टाकायचा असतो. जादूगाराजवळ त्याचं चित्र असेल तर फाशातून 2 वजा, कपडा किंवा वापरातली वस्तू असेल तर 4, आणि केसांची बट किंवा नखाचा तुकडा असेल तर थेट 10. वीस बाजूंच्या फाशावर 10 वजा म्हणजे सुटका जवळपास अशक्य. तरी त्या नखाने नुसतं दर्शन घडतं. दिसलेल्या माणसावर तिथूनच अग्निगोळा टाकू म्हटलं, तर डन्जन मास्टर 150 फुटांचा पल्ला मोजायला लावतो आणि मधल्या भिंतीकडे बोट दाखवतो.