प्रभाव कोणावर पडला? : सेनापती बापट आणि एक निबंधविषय

जयंत्या-पुण्यतिथ्या जवळ आल्या की शाळाशाळांतून निबंधस्पर्धा जाहीर होतात. विषय बहुधा ठरलेला असतो : अमुक थोर व्यक्तीचा राष्ट्रावरील प्रभाव. मग घरोघर जुन्या निबंधमालांची शोधाशोध सुरू होते आणि त्याच त्या विशेषणांनी वह्या भरतात. प्रभाव म्हणजे काय आणि तो कोणावर पडला, हा मूळ प्रश्न मात्र अस्पर्शित राहतो.

पुणे-नगर रस्त्यावरील सुपा गावच्या विद्यार्थ्यासमोर हा विषय आला, तर त्याला फार दूर जावयास नको. त्याच्याच पारनेर तालुक्याने देशाला सेनापती बापट दिले.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून १९०४ साली ते शिष्यवृत्तीवर विलायतेस गेले आणि एडिंबरो येथे अभियांत्रिकीचा अभ्यास करू लागले. तेथे त्यांनी हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्याविषयी परखड निबंध वाचला. त्या निबंधाला पारितोषिक मिळाले नाही. उलट हातची शिष्यवृत्ती गेली. पुढे पॅरिसमध्ये बॉम्बविद्या शिकून ते १९०८ साली मायदेशी परतले आणि काही वर्षे भूमिगत राहिले. हा मार्ग आपल्या ख्रिस्ती विवेकाला पटणारा नाही. निबंधात तेही स्वच्छपणे लिहावे. थोरांची चरित्रे झाकपाक करून लिहिल्याने थोर होत नाहीत.

परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचा अध्याय यानंतर पारनेरातच घडला. विलायतेत शिकलेला हा ब्राह्मण तरुण पहाटे उठून गावचे रस्ते झाडू लागला, शौचकूप साफ करू लागला, महारवाड्यातील मुलांना शिकवू लागला. १९१४ साली त्यांना पुत्र झाला. त्याच्या बारशाची पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांची बसविली. ज्या काळी सावलीचाही विटाळ मानीत, त्या काळची ही गोष्ट आहे.

याच जिल्ह्यात त्याआधीपासून येशूसंघीय धर्मगुरू खेडोपाडी शाळा चालवीत होते. राहुरी तालुक्यातील केंदळ येथे फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ सुरू केला होता. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांचे पूर्वज त्याच वंचित वस्त्यांतून आले. म्हणून त्या पंगतीचा अर्थ आपल्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. शिष्यांचे पाय धुणारा प्रभू आपण जाणतो; हाती झाडू घेणाऱ्या बापटांना ओळखणे आपल्याला कठीण जाऊ नये.

पुढे मुळशी पेट्यात टाटांच्या धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या. १९२१ साली तेथे सत्याग्रह उभा राहिला, आणि त्याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ हे नाव दिले. त्यांनी कारावास भोगला. धरण मात्र झाले. जमिनी पाण्याखाली गेल्या. यशावरूनच प्रभाव मोजावयाचा, तर येथे पाटी कोरीच राहील. पण विकासाची किंमत कोणी मोजावी, हा मुळशीने विचारलेला प्रश्न बुडाला नाही. सुप्याच्या माळावर आज औद्योगिक वसाहत उभी आहे. तिने तरुणांच्या हाताला काम दिले, हे खरे. तरीही जमीन देणारा आणि पगार घेणारा यांच्या वाट्याला काय आले, हे विचारण्याचा अधिकार मुळशीच्या मावळ्यांनी आपल्याला मिळवून दिला आहे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकविण्याचा मान सेनापतींना मिळाला. संयुक्त महाराष्ट्र आणि गोवामुक्ती या लढ्यांतही ते उतरले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्यामुंबईचे मोठे रस्ते आज त्यांच्या नावाने ओळखले जातात. त्यांनी स्वतः झाडले ते पारनेरचे रस्ते.

पालकांना आमची विनंती एवढीच : मुलांना आयता निबंध लिहून देऊ नका. त्यांना पारनेरला घेऊन जा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारू द्या की, आपल्या माणसांना गावच्या पंगतीत प्रथम कधी बसता आले, आणि शाळेची पायरी प्रथम कोण चढले. ती उत्तरे वहीत उतरली, तर बक्षीस मिळो वा न मिळो, राष्ट्रावरील प्रभाव कशाला म्हणतात हे त्या मुलाला कळलेले असेल.