हॉटेलातली कपबशी

आमच्या भागात 'हॉटेल' म्हणजे चहाचं दुकान. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला हॉटेल म्हटलं की मुक्कामाची खोली आठवते. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा या आमच्या पाच तालुक्यांत मात्र हॉटेल म्हणजे वर पत्रे, खाली दोन बाकडी, काचेच्या कपाटात भजे आणि शेव-चिवडा, आणि दिवसभर उकळणारा चहा. जेवायचं असेल तर खानावळ शोधावी. कुणी म्हणेल, यात इतिहास कसला? आहे. हॉटेलात काय मिळत होतं हा त्याचा सोपा भाग. कोण कुठे बसत होतं आणि कोणत्या कपातून पीत होतं, हा खरा भाग.

आधी हे ध्यानात घेऊ की विकतचं शिजवलेलं खाणं ही आपल्याकडे जुनी रीत नव्हे. माणूस गावाला निघाला की दशम्या फडक्यात बांधून घ्यायचा. परक्याच्या हातचं खाल्लं तर बाटण्याची भीती. ही भीती केवढी होती, ते १८९० सालच्या पुण्याच्या पंचहौद मिशनच्या प्रकरणावरून कळतं. तिथे मिशनऱ्यांनी दिलेल्या चहापानाला लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशी मोठी मंडळी हजर होती. नावं वर्तमानपत्रात आली आणि ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. सारं रामायण चहाचं!

हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथे होती आणि कापसाची मोठी बाजारपेठही होती. १९१२ साली पूर्णा ते हिंगोली ही मीटरगेज गाडी सुरू झाली आणि पुढे कित्येक वर्षं हिंगोली हे त्या फाट्याचं शेवटचं स्टेशन राहिलं. (आजही स्टेशनच्या पाटीवर 'हिंगोली डेक्कन' असंच नाव आहे.) जिथे गाडी थांबते तिथे माणसं ताटकळतात, आणि माणसं ताटकळली की चहा येतोच. त्यात १९०३ पासून सरकारने चहावर उपकर बसवून त्या पैशातून चहाचा प्रचार चालवला होता. रेल्वे स्टेशनं ही त्या प्रचाराची हक्काची जागा. पण तिथेही देशभर 'हिंदू चहा' आणि 'मुसलमान चहा' वेगळे, पाण्याचे घडे वेगळे. यंत्र विलायतेचं आलं, पंगत मात्र जुनीच राहिली.

हॉटेलच्या कपाटात भजे, शेव, चिवडा, जिलेबी असेच पदार्थ का, याचाही मी पुष्कळदा विचार केला आहे. टिकतात म्हणून, हे कारण आहेच. पण जुन्या आचारात पाण्यात शिजवलेलं ते 'अन्न' आणि तळलेलं किंवा दुधातलं तो 'फराळ'. अन्नाला विटाळ लवकर, फराळाला थोडी सवलत. ज्याला परक्याच्या हातचा भात चालत नव्हता, त्यालाही चार भजे आणि दुधाचा चहा चालून जायचा. म्हणजे आपल्या हॉटेलचं कपाट भरताना जिभेइतकाच जातीचाही हात लागलेला आहे.

आता कपबशीकडे येतो. आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण आमच्या वयाच्या प्रत्येकाने खेड्यातल्या हॉटेलात हे पाहिलेलं आहे. आत ताकावर ओळीने मांडलेल्या कपबश्या. बाहेर मेढीच्या खिळ्याला अडकवलेला किंवा वळचणीच्या कोनाड्यात ठेवलेला एक वेगळा कप, बहुधा कान तुटलेला. महारवाड्यातला, मांगवाड्यातला माणूस आला की तो कप त्याने स्वतः घ्यायचा, स्वतः विसळायचा आणि पुढे धरायचा. हॉटेलवाला वरून चहा ओतायचा. बाकड्यावर नाही, बाहेर उकिडवं बसून प्यायचा. पुन्हा विसळून कप जागेवर ठेवायचा. दर मात्र सगळ्यांना सारखाच!

हे सगळं राज्यघटना लागू झाल्यानंतर चाललं होतं. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या कलमात तर दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) कायदा आला. हॉटेलात प्रवेश नाकारणं हा त्यात गुन्हा ठरलाच, पण लोकांच्या वापरासाठी ठेवलेली भांडी एखाद्याला वापरू न देणं हाही गुन्हा ठरला. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दिल्लीच्या संसदेला खेड्यातल्या कपबशीची दखल घ्यावी लागली, यातच सगळं आलं. १९७६ साली कायदा कडक होऊन त्याचं नाव 'नागरी हक्क संरक्षण' झालं.

कायदा होता, पण तक्रार कोण करणार? ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच गावात दुसऱ्या दिवशी कामाला जायचं असे. म्हणून शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ च्या 'अक्करमाशी'तला एक प्रसंग मला फार मोठा वाटतो. सोलापूरकडच्या आपल्या गावात चहाच्या हॉटेलात वेगळी कपबशी ठेवतात, म्हणून शाळकरी वयाची पोरं पोलिसांकडे तक्रार घेऊन जातात. आमच्याकडेही थोडंफार असंच घडलं. तो कप आधी नाकारला तो शिकलेल्या पोरांनी. बापाने निमूट विसळलेल्या कपाला मुलगा हात लावेना. त्याची किंमतही मोजावी लागली. १९७८ साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळाली. ते नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं.

या सगळ्यात हिंगोलीसारख्या लहान शहराचं एक काम मला महत्त्वाचं वाटतं. खेड्यात हॉटेलवाला येणाऱ्याचं सात पिढ्यांचं मूळ जाणून असतो. स्टेशनासमोरच्या किंवा बसस्टँडवरच्या हॉटेलात बाजाराच्या गर्दीत कोण कुणाला ओळखतो? दसऱ्याच्या प्रदर्शनाला तर माणसाला माणूस लागत नाही. तिथे पोऱ्या दहा कपबश्या एकाच बादलीत बुचकळतो आणि हाताला येईल ती पुढे ठेवतो. ज्याला गावात वेगळा कप, तो इथे पाटलाच्या शेजारी बाकड्यावर बसून त्याच बादलीतल्या कपातून चहा पीत होता. पाटलालाही ठाऊक असे, पण विचारायची सोय नव्हती. बादलीतलं पाणी गढूळ असेल, पण समतेचं पहिलं पाणी ते.

मन बदलून झालेला हा बदल नव्हे, हे मान्य. पण आपला जिल्हा नामदेवांचा. नरसीला त्यांचा जन्म, आणि औंढ्याला त्यांना देवासमोर कीर्तन करू दिलं नाही म्हणून देऊळच फिरलं, अशी कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. कथेतलं देऊळ एका रात्रीत फिरलं. हॉटेलातला कप फिरायला स्वातंत्र्यानंतर तीस-चाळीस वर्षं लागली. आणि बायकांना हॉटेलात उजळ माथ्याने बसता यायला तर त्याहून जास्त. त्यांच्यासाठी होती ती पडद्यामागची 'फॅमिली रूम', तीही बरोबर पुरुष असेल तर. हल्ली कॉलेजच्या मुली चौघीजणी बाकड्यावर बसून चहा मागवतात, ते पाहून मला बरं वाटतं.

२००८ साली ब्रॉडगेज झाली. पुढे 'अमृततुल्य'च्या पाट्या लागल्या, आणि आता बहुतेक ठिकाणी चहा कागदी कपात मिळतो. प्यायचा आणि फेकायचा. कुणाचं उष्टं कुणी विसळायचं हा प्रश्नच मिटला. मिटला की झाकला गेला, हे मात्र मला सांगता येत नाही. २०२४ च्या जुलैत उत्तर प्रदेशात यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळींनी मालकांची नावं पाटीवर लावावीत असा हुकूम निघाला आणि सर्वोच्च न्यायालयाला तो थांबवावा लागला. म्हणजे 'हा चहा कुणाच्या हातचा?' हा १८९० चा प्रश्न अजून जिवंत आहे.

असो. पदार्थांची वर्णनं पुष्कळ होतात, कपबशीचं कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहिलं. आपल्या गावच्या जुन्या हॉटेलात तो बाहेरचा कप कुठे टांगलेला असे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारून ठेवा. ज्यांनी तो पाहिला, आणि विशेषतः ज्यांनी तो विसळला, ती पिढी आता झपाट्याने कमी होते आहे.