लूव्रच्या वाटेवरची रेशमाची दुकाने

#थ्रेड

उन्हाळ्यात पॅरिसला जाणाऱ्या प्रवाशाला सीन नदीच्या काठी एक प्रसंग अनुभवायला मिळण्याचा बराच संभव असतो. पुढे चाललेली एखादी व्यक्ती एकाएकी वाकते, जमिनीवरून सोन्याची अंगठी उचलते आणि "ही आपली का?" असे विचारते. अंगठी आपली नसते. मग ती व्यक्ती मोठ्या उदारपणे ती आपल्यालाच देऊ करते, आणि चार पावले गेल्यावर परत येऊन जेवणापुरते पैसे मागते. अंगठी अर्थातच पितळेची.

ही युक्ती आजची नव्हे. फ्रान्सिस ग्रोझ याने १८व्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रस्त्यांवरील बोलीचा जो कोश केला, त्यात 'फॉनी रिग' या नावाने ती नोंदलेली आहे: सोन्याचा मुलामा दिलेली पितळी अंगठी सावजासमोर 'सापडते' आणि खऱ्या किमतीच्या कितीतरी पट दराने त्याच्या गळ्यात मारली जाते. 'फॉनी' हा शब्द अंगठी या अर्थाच्या आयरिश शब्दावरून आला. बनावट या अर्थाचा इंग्रजीतला 'फोनी' त्यातूनच निघाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

म्हणजे युक्त्या जुन्याच होत्या. नवीन होती ती गर्दी. आजच्या धाग्यात पॅरिसमधल्या प्रदर्शनांचे दोन हंगाम पाहू, १८५५चा आणि १८६७चा. परक्या शहरात फसणे ही गोष्ट एका माणसाचे दुर्दैव न राहता जवळजवळ उद्योग कशी झाली, हे तिथे स्पष्ट दिसते.

रेल्वे येण्यापूर्वी परदेशी हिंडणारा युरोपीय बहुधा श्रीमंत असे. त्याच्यासोबत नोकर, ओळखीची पत्रे आणि हाती भरपूर वेळ असे. त्याला लुबाडणारेही होतेच. रोममध्ये 'प्राचीन' म्हणून नव्या मूर्ती विकणाऱ्यांनी कितीतरी इंग्रज सरदारांचे दिवाणखाने सजवले. परंतु तो महिनोन्महिने एका शहरात राहत असल्याने त्याच्याशी संबंध राखण्यात दुकानदाराचे हित होते. रेल्वेने आलेला प्रवासी मात्र चार दिवसांचा पाहुणा. तो पुन्हा येणार नाही हे गाडीवान, खानावळवाला आणि वाटाड्या या तिघांनाही ठाऊक असे. उरलेल्या सगळ्या गोष्टी या एका वस्तुस्थितीतून निघतात.

१८५५च्या मे महिन्यात तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरवले. नोव्हेंबरपर्यंत ते चालले आणि पन्नास लाखांहून अधिक लोकांनी पाहिले. ऑगस्टमध्ये स्वतः व्हिक्टोरिया राणी आली. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने उघडलेले ग्रँड ऑतेल द्यु लूव्र हे त्या काळच्या युरोपातील सर्वांत प्रचंड हॉटेलांपैकी एक होते. बारा वर्षांनी, १८६७च्या प्रदर्शनाच्या वेळी, याच हॉटेलात एक अमेरिकन पत्रकार उतरला. वय ३१. नाव सॅम्युअल क्लेमेन्स, म्हणजेच मार्क ट्वेन.

ट्वेन 'क्वेकर सिटी' नावाच्या जहाजाने जूनमध्ये न्यूयॉर्कहून निघाला होता आणि जुलैच्या आरंभी पॅरिसला पोहोचला. ऐन हंगाम. शाँ-द-मार्सवर प्रदर्शन, शहरात ऑटोमन सुलतान पाहुणा, रस्त्यांवर अर्धे युरोप लोटलेले. ट्वेन आणि त्याच्या सोबत्यांनी एक वाटाड्या ठरवला. त्याचे बिलफिंगर हे नाव त्यांना काही रुचले नाही, म्हणून त्यांनी परस्पर त्याचे 'फर्ग्युसन' असे नामकरण करून टाकले. (येथे कोण कोणाचा अपमान करीत होते, हाही प्रश्न आहेच.) त्याला सांगितले होते: लूव्र दाखव. गाडी निघाली आणि थांबली, ती रेशमाच्या दुकानापुढे. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. पुन्हा रेशीम. लूव्र पुढेच राहिले आणि दुकाने येत राहिली.

ट्वेन विनोदी लेखक. १८६९मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द इनोसन्ट्स अब्रॉड'मध्ये त्याने या प्रकरणाला थोडे मीठमसाला लावले असेल, असे धरून चालायला हरकत नाही. पण त्याने दिलेले कारण अगदी कोरडे आणि हिशेबी आहे: प्रवाशाने दुकानात जे खर्चावे, त्याचा ठरावीक हिस्सा वाटाड्याला मिळे. म्हणजे रोजंदारी प्रवासी देत होता, परंतु वाटाड्या चाकरी करीत होता दुकानदाराची. आणि तो हिस्सा दुकानदार पदरमोड करून देत नसे. तो कापडाच्या भावातच मिळवलेला असे. आपल्याला फसवण्याची मजुरीही आपणच द्यायची, अशी ही व्यवस्था. आग्रा असो वा जयपूर, रिक्षावाला 'फक्त पाच मिनिटे, बघायचे पैसे लागत नाहीत' म्हणून एखाद्या एम्पोरियमच्या दारात उतरवतो, तेव्हा फर्ग्युसनचाच वारसा चालू असतो.

हॉटेलात निराळा प्रकार. 'बुजी' म्हणजे मेणबत्ती. प्रवासी खोलीत गेला की नोकर नव्या कोऱ्या मेणबत्त्या लावून जाई. दहा मिनिटे जळोत वा रात्रभर, बिलात पुरी किंमत लागे. दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्या. या बुजीने १९व्या शतकातील प्रवाशांचा जेवढा संताप ओढवून घेतला, तेवढा क्वचितच एखाद्या वस्तूने घेतला असेल. कित्येक चिकट प्रवासी अर्धवट जळालेल्या मेणबत्त्या पेटीत भरून पुढच्या गावी नेत. कायद्याने यात गैर काहीच नव्हते. दर ठरलेला होता. तो कोणी आधी विचारत नसे, इतकेच.

सुट्या पैशांचा घोळ तर याहून गुंतागुंतीचा. २३ डिसेंबर १८६५ रोजी फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड यांनी नाण्यांचा करार केला आणि चारही देशांची नाणी एकमेकांत चालू लागली. सोय मोठीच झाली. परंतु आता पॅरिसच्या प्रवाशाच्या तळहातावर चार देशांचे मुखवटे पडू लागले, आणि त्यांत करारात नसलेल्या राज्याचे किंवा चलनातून बाद झालेले एखादे नाणे सरकवणे सोपे झाले. स्थानिक गिऱ्हाईक ते तत्काळ परत करी. परक्याला ते समजे, तोवर तो पुढच्या दुकानात पोहोचलेला असे.

यावर उतारा काय निघाला? पहिला उतारा छापील होता. लंडनचा जॉन मरे १८३६पासून प्रवासपुस्तिका काढीत होता. जर्मनीत कोब्लेन्झच्या कार्ल बेडेकरने तेच काम अधिक चिकाटीने केले. मिलानच्या कॅथीड्रलवर चढताना पायऱ्यांची मोजणी चुकू नये म्हणून तो दर वीस पायऱ्यांनंतर एक वाटाणा कोटाच्या खिशातून विजारीच्या खिशात टाकीत असे, अशी आख्यायिका आहे. त्याचा हेतू त्याने उघडच सांगितला होता: प्रवाशाला वाटाड्या आणि खानावळवाले यांच्यावर अवलंबून राहावे लागू नये. त्याचे पॅरिसवरील पुस्तक निघाले ते नेमके १८५५मध्ये. गाडीभाडे किती, बक्षिशी किती, खोलीचा दर आधी ठरवावा, बिल रोजच्या रोज मागावे, वाटाड्याला बरोबर घेऊन खरेदीला जाऊ नये. आजही पाठ करण्याजोगी ही यादी आहे.

दुसरा उतारा थॉमस कूकचा. १८५५च्या याच प्रदर्शनाच्या हंगामात त्याने युरोप खंडातील पहिली सहल काढली आणि तोटा सोसला. १८६७मध्ये मात्र त्याने हजारो प्रवासी पॅरिसला नेले. पुढच्याच वर्षी त्याने हॉटेलची कुपने सुरू केली: खोली आणि जेवण यांचे दर इंग्लंडमध्येच ठरलेले, पैसे आधीच भरलेले. अभिजन मंडळींनी या 'कळपांची' यथेच्छ थट्टा केली. माझ्या मते ती अन्यायाची होती. कुपन हाती आल्यावर हॉटेलवाल्याला प्रथमच असे गिऱ्हाईक भेटले, की जे स्वतः परत आले नाही तरी ज्याचा मालक पुढच्या हंगामात परत येणारच होता. चार दिवसांच्या पाहुण्याला कूकने एक स्मरणशक्ती मिळवून दिली.

राहता राहिला गाडीवान. पॅरिसच्या घोडागाड्यांचे दर पोलिसांनी ठरवून दिलेले होते. गाडीवानाने प्रवाशाला आपल्या क्रमांकाची चिठ्ठी द्यावी, तिच्यावर दरपत्रक छापलेले असावे, आणि तंटा झाल्यास त्या क्रमांकासह पोलिसांकडे तक्रार करावी, असा नियम होता. मार्गदर्शिकाही हेच सांगत: वाद घालू नका, क्रमांक घ्या. व्यवस्था निर्दोष वाटते. तिची परीक्षा सप्टेंबर १८५५मध्ये झाली.

झ्यूज नावाचे गृहस्थ उत्तर फ्रान्समधील दुए येथील अध्यापक-विद्यालयाचे संचालक होते. पॅरिसमध्ये असताना त्यांनी एक गाडी केली. गाडीवानाने ठरलेल्या दरापेक्षा जास्त पैसे घेतले. रक्कम अगदी किरकोळ. झ्यूज यांनी नियमाप्रमाणे क्रमांकासह तक्रार केली. पोलिसांनीही नियमाप्रमाणे निकाल दिला: गाडीवानाने जादा पैसे स्वतः नेऊन परत करावेत.

गाडीवानाचे नाव कोलिन्यों. पैसे परत देण्याच्या निमित्ताने तो झ्यूज यांच्या घरी गेला आणि त्याने पिस्तुलाने त्यांना ठार केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला.

हे कृत्य क्रूर होते, यात दुमत नाही. तरीही त्या निकालाकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटते. ज्याची नाचक्की झाली त्याच माणसाला, ज्याने तक्रार केली त्याच्या दारी पाठवायचे! तक्रारदाराचा पत्ता पोलिसांनीच जणू गाडीवानाच्या हाती ठेवला होता. दुसरीकडे, गाडीवानांची कमाईही मोठ्या प्रमाणात बक्षिशीवर अवलंबून असे. १८५५मध्येच शहरातील बहुतांश गाड्या एका बड्या कंपनीच्या ताब्यात जाऊ लागल्या आणि दहा वर्षांनी, १८६५मध्ये, तिच्या गाडीवानांनी संप पुकारला. प्रवाशाला गाडीवान लुटारू दिसे आणि गाडीवानाला कंपनी.

हा तंटा पुढे सुटला तो यंत्राने. जर्मनीत व्हिल्हेल्म ब्रूनने १८९१मध्ये टॅक्सीमीटर तयार केला, आणि २०व्या शतकाच्या आरंभी तो पॅरिसच्या गाड्यांवरही बसला. 'मीटरने चला' हे आपले वाक्य त्या यंत्राचे देणे आहे.

तोवर पॅरिसकरांनी एक शब्द मात्र भाषेत भरती केला होता. उद्धट किंवा जास्त भाडे मागणारा गाडीवान दिसला की लोक त्याला 'कोलिन्यों!' म्हणून हाक मारीत, आणि गाडीवानांना ती शिवी फार झोंबे. बोलीभाषेच्या फ्रेंच कोशांत तो शब्द आजही सापडतो. क्रमांक लिहून घेऊन तक्रार करणाऱ्या शिक्षकाचे नाव त्याच नोंदीत, खुलाशाच्या ओघात, एखाद्या वेळी येऊन जाते.