धारासभा ते प्रवेशोत्सव: वाघोडियातील लोकप्रतिनिधी

बडोदे संस्थानातील वाघोडिया तालुक्याला विधिमंडळ परिचित झाले ते महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी स्थापन केलेल्या धारासभेमुळे, म्हणजे कायद्यांच्या मसुद्यांवर चर्चा करणाऱ्या मंडळामुळे. सरकारी हुकूम ‘आज्ञापत्रिका’ या राजपत्रातून प्रसिद्ध होत. प्राथमिक शिक्षण 1906 मध्येच संस्थानभर सक्तीचे झाले होते, ही गोष्ट मात्र अधिक दूरगामी ठरली. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1960 पासून हा तालुका गुजरातेत आहे, जिथे आमदाराला आजही ‘धारासभ्य’ म्हणतात. 2003 पासून उन्हाळा सरताना, जूनमध्ये भरणाऱ्या शाळा प्रवेशोत्सवात, म्हणजे नव्या मुलांच्या स्वागतसमारंभात, मंत्री-आमदार गावोगावच्या शाळांत जाऊन पहिलीच्या मुलांना दप्तरे देतात आणि जमलेल्या पालकांना सरकारी योजना समजावून सांगतात.