जनरलच्या कोटाचं बटण

नेपोलियनच्या काळातल्या फ्रेंच सेनानींचे कोट, टोप्या आणि तलवारी जमवणाऱ्यांचं एक मोठं जग आहे. पॅरिसच्या लष्करी संग्रहालयात असे गणवेश काचेमागे जपलेले आहेत. लिलावात एखादी चीज आली की बोली लावायला शौकीन टपलेलेच असतात. त्या कोटांचे फोटो पाहताना मला आपल्या सांगली जिल्ह्यातलं तासगाव आठवतं, कारण तासगावकर परशुरामभाऊ पटवर्धनांची रणांगणात गाठ पडली होती ती अशाच एका फ्रेंच सेनानीशी.

त्याचं नाव मिशेल रेमंड. जन्म १७५५चा. व्यापाराच्या निमित्ताने तो हिंदुस्थानात आला आणि शिपाईगिरीत रमला. पुढे हैदराबादच्या निजामासाठी त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला या पलटणी मराठ्यांसमोर आल्या. मराठी फौजांचे सरसेनापती होते परशुरामभाऊ. गंमत म्हणजे मराठ्यांकडूनही एक फ्रेंच माणूस लढत होता. महादजी शिंद्यांसाठी द बॉयनने तयार केलेल्या पलटणी पेराँच्या हाताखाली मैदानात होत्या. रेमंडची माणसं नेटाने लढली, पण निजामच रात्री खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसला आणि त्यांनाही माघार घ्यावी लागली. लढाई मराठ्यांनी जिंकली.

रेमंडच्या शिपायांच्या पोशाखाबद्दल एक बारीक तपशील इंग्रजांच्या कागदांत येतो. त्यांच्या कोटांच्या बटणांवर फ्रेंच राज्यक्रांतीची ‘स्वातंत्र्याची टोपी’ कोरलेली होती. इंग्रजांच्या डोळ्यांत सलली ती हीच बटणं. निजामाच्या दरबारात क्रांतीचा फ्रान्स शिरतोय, अशी त्यांना धास्ती वाटली. २५ मार्च १७९८ला रेमंड वारला. ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी त्या पलटणींना घेरलं. शिपाई सुमारे चौदा हजार होते, तरी लढाई झालीच नाही. पगार थकलेला असल्यामुळे त्यांनी आधीच आपल्या फ्रेंच अधिकाऱ्यांना कोंडून ठेवलं होतं. थकबाकी मिळेल असा शब्द मिळताच त्यांनी हत्यारं खाली ठेवली. बटणावरच्या टोपीपेक्षा खिशातला तनखा जड ठरला.

जनरलची कबर हैदराबादेत टेकडीवर आहे आणि खालच्या वस्तीला त्याच्याच नावावरून मुसारामबाग म्हणतात. शिपायाचा कोट मात्र कुणी जपला असेल? गरिबाच्या घरी कापड फाटेपर्यंत वापरलं जातं, मग त्याची गोधडी होते आणि शेवटी चिंधी. संग्रहालयात पोहोचतो तो बहुतेक वेळा मोठ्या माणसाचा, फारसा न वापरलेला पोशाख.

म्हणूनच मला आपल्याकडचे दोन संग्राहक महत्त्वाचे वाटतात. मिरजेत शाळामास्तर असलेल्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं निवडून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला सुरुवात केली. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी कागद आणि चित्रं जमवली. त्यांचं संग्रहालय १९२५ साली साताऱ्यात उभं राहिलं आणि पुढे तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. मोहिमेचा चारा, दाणा, कर्ज, आजारपण, रुसवेफुगवे हे सगळं अशा कागदांतच सापडतं. जनरल दिसायचा कसा ते कोट सांगेल. त्याच्यामागून चालणाऱ्यांना पगार मिळाला की नाही, ते कागदालाच विचारावं लागेल.

तलवारी, कोट जमवू नयेत असं मी म्हणणार नाही. ते बटण कुठे विकायला आलं तर मीही दोनदा किंमत विचारेन. पण सातारा-सांगलीकडच्या जुन्या वाड्यांत अजून काय घडतं, ते आपण जाणतो. माळ्यावर गंजकी तलवार सापडली की ती घासूनपुसून भिंतीवर लागते. शेजारच्या मोडी कागदांचं गाठोडं मात्र कुणाला वाचता येत नाही म्हणून रद्दीत जातं. त्यातल्या एखाद्या चिठ्ठीत खर्ड्याला गेलेल्या एका शिपायाची थकबाकी लिहिलेली असू शकते. त्या माणसाची तेवढीच एक खूण उरलेली असेल.